एक टप्पा माफ

४ जून

महोदय,

हे पत्र लीगच्या कचेरीतून निघतंय, म्हणून 'महोदय'. कागद कचेरीचा, पाकीट कचेरीचं, तेव्हा भाषाही कचेरीचीच ठेवते.

आपल्या लीगला या वर्षी पन्नास वर्षं होतायत. त्यानिमित्त पुस्तक काढायचं ठरलंय. पन्नास वर्षांत आपल्याकडे व्यावसायिक बास्केटबॉल खेळलेला प्रत्येक जण त्यात येणार, प्रत्येकाला अर्धं पान. वर कारकिर्दीतले ठळक क्षण, खाली दोन-तीन गमतीच्या गोष्टी. एकूण चारशे बारा खेळाडू. हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण एकोणीस वर्षं स्कोअररच्या टेबलावर बसून यातलं निम्मंअधिक मीच लिहून ठेवलंय. आणि घरी बसून या बाई करणार तरी काय, असं अध्यक्षसाहेबांना वाटतं.

आपलं अर्धं पान एकशे बाराव्या पानावर, खालच्या बाजूला आहे. वरच्या बाजूला नेमबाज 'सुई' आहेत. त्यांनी एका मोसमात लागोपाठ एकसष्ट फ्री थ्रो टाकले आणि बासष्टाव्याला शिंक आली. शिंकेचं मी लिहिलंय. सुईंना फोन करून विचारलं, तर म्हणाले, "लिहा, लिहा, बायको अजून विश्वास ठेवत नाही."

आपल्याकडून पुढील माहिती हवी: बुटांशिवाय उंची. 'भिंगरी' हे नाव कोणी पाडलं. सध्याचा व्यवसाय. स्वतःला आवडलेला सामना. छापण्याजोगी एखादी गंमत. शेवटची तारीख ३१ जुलै, त्यानंतर पानं छापखान्यात जातील.

आपल्या पानावर सध्या एवढंच आहे: 'नऊ नंबर. चेंडू पुढे आणून खेळ मांडणारा. तेरा मोसम. असिस्ट २९९६.' तीन हजार असिस्ट करणाऱ्याचं नाव हॉलच्या भिंतीवर लागतं. अशी नावं आजवर दोनच आहेत. आपण चार कमी पडलात, हेही पानावर यावं असं अध्यक्षसाहेबांचं म्हणणं आहे. वाचकांना असल्या गोष्टी आवडतात, म्हणे.

कळावे.
संपादक, नोंदी विभाग

ता. क. ढब्बू, पाकिटावरचं अक्षर बघून फेकू नकोस. बावीस वर्षं झाली. निदान उंची तरी कळव.


२० जून

ढब्बू,

'महोदय' बंद. दोन आठवडे वाट पाहिली, उत्तर नाही. तुझ्याऐवजी वहिनीचं कार्ड आलं. त्यात तीन ओळी: 'उंची सहा फूट. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ड्रायव्हिंग स्कूल चालवतात, बाकी काही सांगत नाहीत, मी खूप मागे लागले.' वहिनी बिचारी लग्न झाल्यापासून आपल्या दोघांच्या मधोमध उभी आहे. तिला म्हणावं, उंची मी पाच फूट अकरा लिहिलीय. सहा फूट तू बुटात होतास. आईने दाराच्या चौकटीवर केलेल्या खुणा मी पाहिल्यात, मला शिकवू नकोस.

या पुस्तकाने मला उंचीच्या बाबतीत नास्तिक केलंय. चारशे बारांतले तीनशे तरी खोटं बोलतात. पहिल्या दहा वर्षांतल्या 'खांबा'ची उंची सगळीकडे सहा फूट आठ छापलेली आहे. त्याच्या मुलीने त्याचा पासपोर्ट पाठवला, त्यात सहा फूट पाच. मुलगी म्हणते, बाबा केस उभे करायचे.

जुनी माणसं फार मजेची होती, बरं का. चष्म्याला मागून नाडी बांधून खेळणारा एक होता. चेंडू तोंडावर लागला की सामना थांबायचा आणि दोन्ही संघ गुडघ्यांवर बसून काचा शोधायचे. चेंडू किती सेकंद धरावा याचा नियमच नव्हता तेव्हाचा एक सामना ११-९ असा संपलाय. एका गड्याने उत्तरार्धातली सोळा मिनिटं चेंडू काखेत धरून नुसतं उभं राहून काढली. त्याच्या 'ठळक क्षणां'त मी तेच लिहिलं, दुसरं काही सापडेना.

माझी खोली आता दुसऱ्या मजल्यावर, पोहण्याच्या तलावाच्या वर आहे. दिवसभर क्लोरीनचा वास. खिडकी उघडली की खालून शिट्ट्या, बंद केली की घाम. गठ्ठे जमिनीवर, गठ्ठे खुर्चीवर, आणि मी टेबलाच्या कोपऱ्यात, पाहुण्यासारखी.

पुस्तकाच्या सुरुवातीला नव्या वाचकांसाठी शब्दांचे अर्थ द्यायचेत. असिस्टचा अर्थ मी असा लिहिलाय: 'ज्याच्या पासवर मिळालेला चेंडू सहकारी थेट बास्केटमध्ये टाकतो, त्या पास देणाऱ्याच्या नावावर असिस्ट लागतो. चेंडू मिळाल्यावर सहकाऱ्याने एक टप्पा मारला तरी चालतो. टेबलावरचा स्कोअरर डोळ्यांनी पाहून ठरवतो, आणि त्याचा शब्द शेवटचा.' बरोबर आहे का? तू माझ्या दुप्पट जाणतोस म्हणून विचारतेय. तुझ्या उत्तरावर माझं काही अडलेलं नाही.

ताई


३ जुलै

ढब्बू,

बरं, नको बोलूस. मीच बोलते. लहानपणीही असंच होतं, तू रुसून माळ्यावर आणि मी शिडीखाली उभी राहून बडबडत.

पुस्तकासाठी प्रत्येकाची सरासरी काढतेय. आपल्या हॉलमधली वेगळी, बाहेरच्या हॉलमधली वेगळी. घरच्या मैदानावर सगळ्यांचे असिस्ट जास्त निघतात, हे तुलाही माहीत आहे. घरचा स्कोअरर घरच्या पोराकडे जरा मायेने बघतो, दुसरं काय. 'तीन हजारी' म्हणून जे दोघं भिंतीवर आहेत, त्यांचंही तसंच. घरी सात, बाहेर साडेपाच.

तुझं काढलं. घरी पाच, बाहेर साडेसहा.

वाटलं बेरीज चुकली. परत केली. मग कचेरीतल्या कारकुनाकडून करून घेतली. तो म्हणाला, "बाई, हे एकच उलटं कसं?" मी म्हटलं, काही लोकांना घरी खेळताना दडपण येतं. तो हो म्हणाला आणि चहा आणायला गेला.

तू घरी दडपणाखाली खेळायचास, असं मी तुझ्या गमतींमध्ये लिहूनही टाकलं. आज सकाळी खोडलं. तुला दडपण? उपांत्य सामन्यात हाफ टाइमला बाकावर झोपला होतास तू.

हॉलच्या अडगळीत जुन्या सामन्यांच्या व्हिडिओ कॅसेट्स आहेत. बहुतेक बुरशी लागून गेल्या. तुझ्या शेवटच्या दोन मोसमांतल्या चौदा चालतात, सगळ्या आपल्या हॉलमधल्या. शिपायाने प्लेअर आणून दिलाय. एकेक बघतेय. पुस्तकासाठीच, दुसरं काही नाही.

तुझ्या पहिल्या मोसमात पेपरात काय मथळा आला होता, आठवतं? 'भाऊ कोर्टवर, बहीण टेबलावर!' शेवटी ते उद्गारचिन्ह. त्याखाली तुझे आकडे. बाकी एक शब्द नाही. ते कात्रण आईने हौसेने जपलं, तिला त्यातला टोमणा कळलाच नाही. मला कळला. दुसऱ्या दिवशी टेबलावर बसले तेव्हा शेजारचा टाइमकीपर सहज म्हणाला, "आज किती देणार भावाला?" गंमतच केली त्याने. माझे कान तापले होते. मी म्हटलं, जेवढे होतील तेवढे.

आणि तेवढेच दिले. एकोणीस वर्षांत माझ्या एका नोंदीवर कुणी बोट ठेवू शकलं नाही. लिहिलेली नोंद मी कधी बदलली नाही. लोक 'पेन्सिलबाई' म्हणतात ते उगाच नाही. हे मी तुला का ऐकवतेय, कोण जाणे.

ताई


११ जुलै

ढब्बू,

बसून वाच. गाडीत शिकाऊ माणूस बसला असेल तर त्याचा तास होऊ दे, मग वाच.

चौदाही कॅसेट्स बघून झाल्या. काही चार-चार वेळा. आता सरळ सांगते, नाहीतर मी परत कुणाच्या तरी चष्म्याची गोष्ट काढीन.

मी तुझे असिस्ट दिले नाहीत.

इतरांनी पास दिला, समोरच्याने एक टप्पा मारून टाकला, की मी असिस्ट लिहायचे. तो हात आपोआप चालायचा. तू दिलास आणि समोरच्याने एक टप्पा मारला, की हात थांबायचा. बाकी सगळ्यांना एक टप्पा माफ, तुला नाही. असा नियम मी कधी ठरवला नव्हता, तुझ्या गळ्याशपथ. मला वाटायचं मी जे दिसतं तेच लिहितेय. पण टेपवर आपल्याच संघातल्या दुसऱ्या पोराचा पास आणि तुझा पास, दोन्ही सारखे, एकाच सामन्यात, एकाच बाजूला. त्याला दिलाय. तुला नाही.

कुणाला तुझ्या बाबतीत बोलायला जागा राहू नये, एवढंच माझ्या डोक्यात असायचं. खरं तर तुझ्याबद्दल नाहीच ते. माझ्याबद्दल कुणी बोलू नये म्हणून. माझी पेन्सिल स्वच्छ राहावी म्हणून मी तुझ्या ताटातलं काढत राहिले, आणि वर लोकांकडून शाबासकी घेतली. तेरा मोसम. घरी पाच आणि बाहेर साडेसहा, तो फरक मीच आहे.

तुझ्या शेवटच्या सामन्याची टेप चौदावी. ती मी सगळ्यात शेवटी लावली, मुद्दाम. तुला अकरा हवे होते, मी सात दिले. सामना संपायला दोन मिनिटं असताना तू उजवीकडून आपल्या संघातल्या 'उंटा'ला चेंडू दिलास, उंटाने एक टप्पा मारला आणि टाकला. मी लिहिला नाही. तू टेबलाशी आलास, "ताई, तो बघ ना परत," म्हणालास. मी मान वर न करता म्हटलं, "नऊ नंबर, टेबलापासून लांब राहा." खेळाडूने टेबलाजवळ यायचं नाही, हा नियमच होता. टेपमध्ये आवाज येत नाही, नुसता तू उभा दिसतोस. सहा सेकंद. मग जातोस. मी मोजलं.

त्यानंतर तू हॉलमध्ये पाऊल टाकलं नाहीस आणि माझ्या घरीही. आई गेली तेव्हा आलास, पण माझ्याशी जे बोललास ते वहिनीमार्फत. मी सगळ्यांना सांगत आले, चार असिस्टवरून सख्ख्या बहिणीला तोडतो का कुणी? आता कुठल्या तोंडाने सांगू?

आता कामाचं. लीगचा नियम असा, की टेप हातात असेल, आणि स्कोअरर व खेळाडू दोघांची सही असेल, तर जुना आकडा सुधारता येतो. टेपवर मला न दिलेले सात सापडलेत. हरवलेल्या टेपांवर किती गेले, देव जाणे. पण हे सात धरले तर ३००३ होतात. भिंतीवर तिसरं नाव लागेल.

सातांची यादी आणि त्या तेवढ्या तुकड्यांची कॅसेट सोबत पाठवतेय. अर्जावर माझी सही केलीय. 'स्कोअररची चूक' या रकान्यात जे इथे लिहिलं तेच लिहिलंय, फक्त थोडक्यात. तुझी सही कर आणि ३१च्या आत पाठव. माझ्याशी बोलायची गरज नाही. अर्ज तेवढा परत पाठव.

ताई


१९ जुलै

ढब्बू,

अर्ज आला नाही. वहिनीचं कार्ड आलं: 'कॅसेट मिळाली. शेजारच्यांकडून प्लेअर आणलाय. दार लावून बसतात. चार शिकाऊ परत गेले.' एवढंच. सही केली का, ते नाही.

मी इथे अध्यक्षसाहेबांना सांगून टाकलं. पोटात ठेवून मला झोप लागेना. ते आधी हसले, त्यांना वाटलं मी नम्रपणा करतेय. मग अर्ज वाचला. म्हणाले, "बाई, तुमच्यावरसुद्धा अर्धं पान आहे ना हो पुस्तकात!" आहे. शेवटच्या पानावर, पंच आणि स्कोअरर यांच्या विभागात. ते त्यांनी स्वतः लिहिलंय: 'एकोणीस वर्षांत एकही नोंद बदलली नाही.' समारंभात माझा सत्कारही ठरला होता. म्हणाले, हे आत्ता कशाला उकरायचं, भाऊ तुमचा काही मागत नाहीये, छापून जाऊ दे.

खरं सांगू? एक क्षण मलाही वाटलं, जाऊ दे. तू तर उत्तरही देत नाहीस.

मग मी माझं अर्धं पान मागून घेतलं आणि तिथेच बसून नवीन लिहिलं: 'एकोणीस वर्षं टेबलावर. एका खेळाडूला इतरांपेक्षा कडक माप लावलं. तो तिचा सख्खा भाऊ.' साहेब म्हणाले, ही काय गंमत झाली का? मी म्हटलं, नाही, हे वरच्या भागात घाला, ठळक क्षणांत. सत्कारालाही नाही म्हणून आले. त्यांचं तोंड एवढंसं झालं. भला माणूस आहे, त्याला सत्कार करायला आवडतात.

तू सही केलीस न केलीस तरी माझं पान आता असंच जाईल. तुझ्या पानावर काय जाईल, ते तू सांगायचंस. बारा दिवस आहेत. मी मागे लागतेय असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय, मी मागे लागलेय.

ताई


२५ जुलै

ताई,

पाचही पत्रं मिळाली. पहिलं मी फेकलं होतं, बायकोने कचऱ्याच्या डब्यातून काढून पुसून ठेवलं. दुसरं तिनेच उघडलं. तिसऱ्यापासून मी.

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. मुद्द्याचं बोलतो.

तुझे सात बघितले. पाच दिवस बघत होतो. त्यातले चार मी खोडलेत. यादी परत पाठवतोय.

दोन नंबरचा आणि पाच नंबरचा: समोरच्याने दोन टप्पे मारलेत. दुसरा टप्पा त्याच्या पायाआड होतो म्हणून तुला दिसला नाही. टेप हळू करून बघ. सहा नंबरचा: तो पास माझा नाहीच. मी टाकला, मधे आपल्याच मिशीवाल्याचा हात लागला, तिथून पुढे गेला. असिस्ट लागला तर त्याला लागतो.

आणि सात नंबरचा. उंटाला दिलेला. शेवटच्या सामन्यातला.

ताई, तो असिस्ट नाही. बघ तू. उंटाने चेंडू घेतला, एक टप्पा मारला, इथपर्यंत ठीक. मग त्याने डावीकडे हूल दिली, समोरचा गडी हवेत गेला, तो खाली यायची वाट बघितली आणि मग टाकला. ते बास्केट उंटाचं. त्याने स्वतःच्या अकलेने कमावलेलं. मी का घेऊ? परवा त्याच्या टायरच्या दुकानात गेलो होतो, त्याला विचारलं. तो म्हणतो, "घे रे, मला काय करायचंय." पण त्याला काही करायचं नाही म्हणून ते माझं होत नाही.

म्हणजे त्या दिवशी तू बरोबर होतीस. मी बावीस वर्षं ज्याच्यावरून रागावलो, तो असिस्टच नव्हता. आता या रागाचं काय करू, ते सांग. एवढा मोठा झालाय, घरात ठेवायला जागा नाही.

राग असिस्टचा नव्हताच, हे मला आत्ता कळलं असं नाही. आधीपासून माहीत होतं. तू मला नऊ नंबर म्हणालीस. चार हजार लोकांसमोर. माझी शेवटची मॅच, आणि माझी बहीण मान वर करत नाही. तू नुसतं "ढब्ब्या, चल हो बाजूला" म्हणाली असतीस ना, तर असिस्ट गेला खड्ड्यात असं म्हणून मी हसत गेलो असतो.

उरलेले तीन माझे आहेत. ते घेतो. एक, तीन, चार. ते तू द्यायला हवे होतेस. हरवलेल्या टेपांवरचेही द्यायला हवे होतेस. ते वाचून मी गाडी बाजूला घेऊन थांबलो होतो, शिकाऊ मुलगी घाबरली.

सही केलीय. २९९९ लिही. भिंत राहू दे.

उंची सहा फूटच. चौकटीवरच्या खुणा आईने मी सतरा वर्षांचा असताना बंद केल्या. नंतर एक इंच वाढलो. तुला सगळं माहीत नसतं.

ढब्बू


३० जुलै

ढब्बू,

उंची सहा फूट केली. वहिनीचं आणि तुझं एकमत आहे, मी कोण?

२९९९ आज सकाळी छापखान्यात गेलं. पानावर असं आहे: 'असिस्ट २९९९, टेपवरून सुधारित. सुधारणा खेळाडूने स्वतः तपासली.' गमतींमध्ये उपांत्य सामन्याची झोप घातलीय. तीन हजारांना किती कमी पडले ते मी लिहिलं नाही, ज्याला हवं तो वजाबाकी करील.

अध्यक्षसाहेबांनी आकडा पाहिला आणि डोक्याला हात लावला. "एक? एकच कमी? बाई, चौदा टेपांत आणखी एक नाही सापडत तुम्हाला?" मी म्हटलं, सापडतो. मला एक अगदी स्वच्छ दिसतो. पण ज्याचा आहे तो नको म्हणतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होते, तुमच्या घरात सगळेच असे आहेत का.

दोन, पाच आणि सहा नंबरचं तुझं मान्य. टेप हळू करून पाहिली. पायाआडचा टप्पा माझ्या नजरेतून सुटला होता, मिशीवाल्याचा हातही. तुला देण्याच्या घाईत मी आता उलटी चूक केली. बघ, या वयातही तुझ्या बाबतीत मला सरळ मोजता येत नाही.

पण सात नंबरचं मान्य नाही. उंटाने हूल दिली, हे खरं. हूल दिल्याने असिस्ट जात नाही. एक टप्पा मारला, टाकला, संपलं. दुसऱ्या कुणाचा असता तर मी त्या दिवशी लिहून मोकळी झाले असते, आणि तूही आज खोडला नसतास. तुला वाटतं मी बरोबर होते. नव्हते.

तरी मी २९९९ लिहिलं. दिसतं एक आणि लिहिलं दुसरंच, असं जाणूनबुजून मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. तुझ्या शब्दावर. तो शब्द त्या दिवशी ऐकायला हवा होता. ऐकून मग नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. मान वर केली नाही, कारण तुझं तोंड पाहिलं असतं तर दिला असता, आणि मग लोक बोलले असते. लोकांचं काय घेऊन बसले होते मी? त्यातला एक तरी बावीस वर्षांत माझ्या दारात आला का? ढब्बू, चुकलं माझं. असिस्टचं वेगळं आणि हे वेगळं. हे जास्त चुकलं.

रविवारी येतेय. वहिनीला कळवलंय, ती हो म्हणाली, तुला विचारलेलं नाही. मूळ चौदावी कॅसेट घेऊन येते, तो शेजारच्यांचा प्लेअर परत देऊ नकोस. सात नंबरचा तुकडा लावू आणि मी तुला दाखवते तू कसा चुकतोयस. वाटलं तर उंटालाही बोलाव. आकडा छापून गेलाय, तेव्हा कुणी जिंकलं तरी आता काही बदलायचं नाही. निवांत भांडता येईल.

ताई